शेजारच्या आजींच्या गॅरेजमधली एमजी घेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी मूळचा साताऱ्याचा, गेली सात वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहे, आयटीत. आमच्यापासून दोन घरं सोडून एक आजी राहतात, त्यांच्या मिस्टरांची १९७१ ची एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गॅरेजमध्ये पडून आहे, १९९८ पासून जागची हललेली नाही. आजोबा मागच्या वर्षी गेले, आता आजींना गॅरेज रिकामं करायचंय. दोन हजार पौंड म्हणतायत. इंजिन जाम आहे, चारी टायर बसलेत, बाकी गाडी पूर्ण आहे असं वाटतं. बायकोला फोटो दाखवला तर म्हणाली, ही तर भंगारवाला पण घेणार नाही. ऑनलाइन अजून दोन दिसल्यात, एक पूर्ण खोललेली, पार्ट खोक्यांत भरून ठेवलेत, बाराशे पौंड, आणि एक नवीन पेंट मारलेली चालू गाडी, साडेपाच हजार. मला वेल्डिंग येत नाही, पण पान्यांची सवय आहे, गावी बुलेट खोलून परत जोडलीये. एका गाडीचं गॅरेज आहे. जाम इंजिनमुळे घाबरलोय. तिन्हीतली कुठली घेऊ?

उत्तर: पहिल्यांदा ते इंजिन डोक्यातून काढा. जाम इंजिन बघून लोक पळतात आणि चकाचक पेंट बघून पाकीट काढतात, एमजीबीत नेमकं उलटं करायचं असतं. तिचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे ब्लॉक लोखंडी, हेड लोखंडी, कुठली नाजूक भानगड नाही, आणि १९६२ ते १९८० या काळात एबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांवर निघाल्यात, त्यामुळे पिस्टन-रिंगपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत सगळं आजही फोनवर ऑर्डर करता येतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात. अगदी नवी कोरी बॉडीसुद्धा १९८८ पासून जुन्याच डायांवर बनवून मिळते, फक्त तिची किंमत बायकोसमोर विचारू नका. या गाडीत महाग आहे तो पत्रा, आणि तो पत्रा कापून नवीन लावणाऱ्या माणसाचे तास.

त्याचं कारण असं की या गाडीला वेगळी चासी नाहीच. आपल्या जीपला कशी खाली चासी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते, तसं इथे नाही, पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून गाडी उभी केलीये. त्यातली सगळ्यात महत्त्वाची पेटी म्हणजे दरवाजाखालची लांब सिल. बाहेरून एक पत्रा दिसतो पण आत अजून एक उभा पडदा असतो, मग आतला पत्रा, आणि खाली कॅसल रेल म्हणतात ती पट्टी. पुढचं चाक चिखल उडवतं तो मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तो खारट चिखल तिथे वर्षानुवर्षं ओला राहतो आणि पेटी आतून सडते. वरून रंग झकास. आणि ती नीट बदलायची तर बाहेरच्या सिलची दोन्ही टोकं पुढच्या मडगार्डखाली आणि मागच्या पॅनलखाली गेलेली असतात, म्हणजे मडगार्ड काढा, मागचा पत्रा खालून कापा, मग कुठे काम सुरू. एवढं कोण करणार म्हणून बरेच जण सडलेल्या सिलवरच नवीन पत्रा चढवतात, वर लांबी म्हणजे पुट्टी भरतात, पॉलिश पेपर मारतात, रंग देतात, गाडी विकायला तयार.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. २०११ मध्ये मी १९७३ ची निळी जीटी अशीच रंगाला भुलून घेतली, एका खेडेगावातल्या माणसाकडून, टेस्ट ड्राइव्ह पण मस्त झाली. चार महिन्यांनी पंक्चर काढायला जॅक लावला तर जॅक वर चाललाय आणि गाडी आहे तिथेच, आणि पापड मोडल्यासारखा कर्रर्र आवाज. मी आधी जॅकलाच शिव्या घातल्या. मग खाली वाकून बघतो तर जॅकचं डोकं सिलच्या आत. छिन्नी घेऊन खरवडायला बसलो तर दोन बोटं जाडीची लांबी, तिच्यामागे फोम, आणि फोमच्या मागे चक्क वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. एक बोळा उलगडला तर जून १९८६ चा पेपर, खेळाचं पान, लॉर्ड्सची टेस्ट भारताने पाच विकेटनी जिंकल्याची बातमी, वेंगसरकर नाबाद १२६. गंजाने कागद तांबडा झाला होता पण कर्नल वेंगसरकरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. गॅरेजच्या जमिनीवर बसून मी ती बातमी पूर्ण वाचली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. त्या दोन सिल आणि त्यांना लागून फ्लोअर एवढ्यालाच वेल्डरचे नव्वद तास गेले. ते पान फ्रेम करून ठेवलंय, आयुष्यात वर्तमानपत्राला एवढे पैसे मी परत कधी दिले नाहीत.

त्यामुळे साडेपाच हजारवाली नवीन पेंटची गाडी. वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण त्या माणसाला एवढंच विचारा की रंग देण्याआधीचे फोटो दाखव. ज्याने खरंच काम केलंय तो दोनशे फोटो दाखवतो, तुम्ही कंटाळाल इतके दाखवतो, कारण त्याला ते कुणालातरी दाखवायचेच असतात. ज्याच्याकडे एकही फोटो नाही त्याला चहाबद्दल थँक्यू म्हणून निघा.

खोक्यांतली गाडी नको म्हणजे नकोच. ती बाराशेला काय, फुकट दिली तरी नको. तुमची बुलेट तुम्हीच खोलली होती म्हणून तुम्हाला जोडता आली. इथे दुसऱ्याने खोललीये, कुठला बोल्ट कुठला हे त्याच्या डोक्यात होतं, तो कंटाळला आणि आता ते डोकं तुम्हाला मिळणार नाही. वर खोक्यात काय नाहीये हे कळायला तुम्हाला दीड वर्ष लागेल. जीटीच्या मागच्या काचांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या, दरवाजाच्या आतल्या क्लिपा, असल्या फुटकळ वस्तू हरवलेल्या असतात आणि त्या एकेक करून गोळा करताना माणूस मेटाकुटीला येतो. पूर्ण गाडी, भले सडकी असो, तिच्यात निदान नमुना तरी हातात असतो.

आता राहिली आजींची गाडी. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला ती आवडलीये, मुख्य म्हणजे तिला पंचवीसेक वर्षं मीठ लागलेलं नाही. पण गॅरेजची जमीन कशी आहे बघा. सिमेंटची कोरडी असेल तर उत्तम, माती किंवा विटा असतील तर खालून ओल धरत राहिलेली असणार आणि मग उभी गाडीसुद्धा सडते. जुने कपडे घालून जा, टॉर्च न्या, फ्रिजवरचं एखादं चुंबक फडक्यात गुंडाळून न्या म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हर टोचायच्या आधी आजींना विचारा, नवऱ्याची गाडी आहे ती.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशी सिल या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायची. पत्रा ठणठणीत असेल तर खणखणीत आवाज येतो, लांबी असेल तर बद्द वाजतं आणि चुंबक सटकतं. मग आडवे पडून खालची कॅसल रेल बघा, तिला स्क्रू ड्रायव्हर दाबा, आत गेला तर गेलाच. सीटच्या मागे कार्पेट उचला, तिथे झाकणाखाली बॅटऱ्या असतात, १९७१ ची म्हणजे सहा-सहा व्होल्टच्या दोन असायला पाहिजेत, त्यांचं ॲसिड सांडून खालचे ट्रे गळून पडतात, तेवढं स्वस्तात होतं पण शेजारीच मागच्या स्प्रिंगचे पुढचे हँगर आहेत ते सडले असतील तर काम वाढलं. पुढचे मडगार्ड वर काचेजवळ जिथे जोडलेत ती शिवण, डिकीच्या दाराची खालची कड, पायाखालचा फ्लोअर. आणि शेवटी दरवाजा उघडून हातात धरा, वर-खाली करा, आणि बंद असताना त्याच्या मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. फट वर निमुळती होत असेल तर गाडी मधून वाकायला लागलीये. एक सांगतो, जीटीला छप्पर असल्यामुळे ती उघड्या टपाच्या गाडीइतकी पटकन वाकत नाही, म्हणजे फट चांगली दिसली म्हणून सिल चांगली असं धरून चालू नका.

इंजिन. किल्ली फिरवायची नाही, बॅटरी जोडून "एकदा बघू तरी" अजिबात नाही. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल अर्धं-अर्धं मिसळून सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी किंचित पुढे-मागे ढकला. किंचित. कितीतरी वेळा एवढ्यावरच सुटतं, आणि नाही सुटलं तर हेड काढून बघू, त्यात जीव घाबरण्यासारखं काही नाही. टाकीतल्या पेट्रोलचं आतापर्यंत वार्निश झालं असेल, ते बाहेर, टाकी पण बहुतेक बाहेर. क्लचप्लेट इतकी वर्षं फ्लायव्हीलला चिकटून बसली असण्याची शक्यता भरपूर, आणि एमजीबीत क्लचला हात घालायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, तेव्हा ते सुटो न सुटो, एक दिवस बाहेर येणारच आहे असं धरा. रबराचे सगळे पाइप नवीन टाका, ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं, गाडीत सुपर ग्रेडचं पाच टक्केवालंच भरा. आणि इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज, सगळं नवीन. इंजिन सुरू झालं की माणसाला धीर राहत नाही, गल्लीत एक चक्कर मारूच असं होतं, आणि ब्रेक नसतात. माझ्या ओळखीत एकाने स्वतःच्याच गॅरेजचं दार मागून तोडलंय.

कागदांचं त्यातल्या त्यात सोपं आहे. व्ही५सी म्हणजे लॉगबुक, आपल्या आरसी बुकासारखं, आजोबांच्या नावाचं मिळतंय का बघा, कारखान्याने मारलेल्या प्लेटवरचा चासी नंबर त्याच्याशी जुळवा. लॉगबुक हरवलं असेल तर अर्ज करून दुसरं मिळतं. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून हिस्टॉरिक क्लासमध्ये घातली की रोड टॅक्स शून्य, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी म्हणजे गाडीची दरवर्षीची तपासणी पण सक्तीची नाही, लंडनच्या युलेझचे, म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात यायला लागणारे, पैसेही लागत नाहीत. तरी एमओटी करून घ्याच. तुम्हीच जोडलेली गाडी तुम्हीच तपासून तुम्हीच पास करणार, त्याला काय अर्थ आहे.

वेल्डिंग येत नाही म्हणता, तर सिलवर शिकू नका. सिल वेल्डरला द्या, आणि देताना त्याला एकच प्रश्न विचारा की कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप ठोकणार का. तो "गरज नाही" म्हणाला तर दुसरा शोधा, कारण आधार न देता सिल कापली की गाडी खचते आणि मग नवीन सिल वाकड्या मापातच पक्की होते, दरवाजा जन्मात लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. बाकी सगळं, इंजिन, ब्रेक, वायरिंग, सीट, तुम्ही बुलेटवाले आहात, तुम्हीच करा. कार्बोरेटर एसयू कंपनीचे दोन आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. फक्त खोलताना प्रत्येक गोष्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि खोलायच्या आधी फोटो. आणि खोललेली गाडी दुप्पट जागा खाते, तेव्हा एका गाडीच्या गॅरेजात सायकली, झोपाळा आणि बाळाची गाडी यांचं काय करणार ते आधी घरात बोलून घ्या.

किमतीचं म्हणाल तर सिल आणि रेल घट्ट निघाल्या तर दोन हजार आनंदाने द्या, घासाघीस करू नका. दोन्ही बाजू सडलेल्या असतील तर आजींना जाऊन बद्द वाजणारी जागा वाजवून दाखवा आणि बाराशे म्हणा, खरं कारण सांगून. आजोबांच्या ड्रॉवरमध्ये बिलं, जुने टॅक्स डिस्क, गाडीबरोबर आलेलं हँडबुक असं काही असेल तर तेही मागून घ्या, घर रिकामं करताना पहिलं तेच कचऱ्यात जातं. आणि वहिनींना सांगा, भंगारवाला नक्की घेईल, तो तर वाटच बघत असतो.

प्रश्न: साहेब, आमच्या सांगलीच्या वाड्यात वडिलांची १९६४ ची दोन दारी स्टँडर्ड हेराल्ड वीस-बावीस वर्षं पडून आहे. स्पोर्ट्स कार नाही हे माहीत आहे, तरी विचारतो. आरसी बुक आहे पण मुदत कधीच संपली. नीट करण्यात अर्थ आहे का, आणि रस्त्यावर काढता येईल का?

उत्तर: नाही कशी स्पोर्ट्स कार, घरातलीच आहे. हेराल्डची चासी आखूड करून तिच्यावर इंग्लंडात १९६२ ला ट्रायम्फ स्पिटफायर उभी राहिली, दोन्हींचा आकार इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेला. तुमची मद्रासला बनलेली, पण रक्त तेच. वरच्या एमजीपेक्षा तुम्ही एका बाबतीत सुखी आहात, हेराल्डला खरीखुरी वेगळी चासी आहे आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी तिच्यावर बोल्टने बसवलीये, सडलेला तुकडा काढून मेस्त्रीसमोर ठेवता येतो. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, टायरवर बसून इंजिनचं काम करा. दुःख सुट्या भागांचं आहे, तिथे इंग्लंडातल्या नातेवाईकाची बॅग उपयोगी पडते.

पण गाडी हलवायच्या आधी पुढच्या दोन्ही चाकांचे ट्रनियन बघा. चाक वळतं तो खालचा पितळी सांधा. त्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं असतं, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गॅरेजवाल्यांनी दिसेल त्या निपलला ग्रीसच मारलंय. तेल नसलं की आतला आटा गंजतो, आणि एक दिवस वळणावर चाक मुडपून गाडी नाकावर बसते. ते दोन्ही काढून, धुऊन, आटे बघून मगच पुढचं.

रस्त्यावर काढता येईल. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी त्यात बसते, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. नव्याने नंबर दिला तर त्यात व्हीए अक्षरं येतात, पण आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो वडिलांचा नंबर सोडू नका. रोज ऑफिसला न्यायला मात्र परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आणि रंग देणाऱ्या मेस्त्रीला आधीच दम देऊन ठेवा की चासी नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवायचा नाही. आरटीओत त्याचा पेन्सिलने छाप घेतात, तिथे गुळगुळीत पत्रा निघाला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करायला तुम्ही चपला झिजवाल.

प्रश्न: दादा, मी न्यू जर्सीहून. नवऱ्याला १९७२ ची डॅटसन २४०झेड घ्यायचीये, एका कोठारात मिळालीये. म्हणतो ही गुंतवणूक आहे, पाच वर्षांत दुप्पट होतील. खरं का?

उत्तर: ताई, त्या गाडीचे भाव वाढलेत हे खरं. पण वाढलेत ते न सडलेल्या, मूळ रंगातल्या गाड्यांचे, कोठारातल्या नव्हे. न्यू जर्सीतही हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि ही गाडी एमजीपेक्षा पातळ पत्र्याची. तिच्या खालच्या दोन्ही रेल आणि बॅटरीखालचा ट्रे वरच्या पद्धतीने वाजवून बघायला सांगा. नवरोबांनी कोऱ्या कागदावर वेल्डिंग, पेंट आणि स्वतःचे शनिवार-रविवार लिहून बेरीज करावी, आणि त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर त्यांना ती आवडलीये एवढंच कारण आहे, ते त्यांनी सरळ सांगावं. हवी असेल तर घेऊ द्या. फक्त एक अट आधीच घाला, कार्बोरेटर डिशवॉशरमध्ये धुवायचे नाहीत. नवरे ते धुतातच, मीही धुतलेत, आणि नंतर महिनाभर चहाच्या कपांना पेट्रोलचा वास येतो.